क्रशर थांबवू नका!

मालक, तासाला किती ब्रास खडी पडली एवढंच बघायचं. बाकीचं बघायला सरकार आहे.

सुरुवात टेल पुलीवरच्या, म्हणजे खडी वाहणाऱ्या बेल्टच्या मागच्या टोकाच्या चाकावरच्या, गार्डपासून करा. गार्ड असला की खाली साचलेली डस्ट काढायला बेल्ट बंद करा, बोल्ट खोला, पुन्हा आवळा, फार कटकट. तो भंगारात घाला आणि कालच कामाला लागलेल्या पोराच्या हातात फावडं द्या. बेल्ट सेकंदाला दीड-दोन मीटर पळतो. सैल बाही पुलीच्या खाचेत सापडली तर अर्ध्या सेकंदात अख्खा हात आत. 1948 च्या कारखाना कायद्याने फिरत्या भागांना कुंपण घालायला सांगितलं खरं, पण कायदा करणाऱ्यांना कधी खडीची ऑर्डर पुरी करायची होती? बेल्टच्या कडेने ओढलेली इमर्जन्सीची दोरीही त्रासदायकच. कुणी टॉवेल वाळत घातला की प्लँट ट्रिप. तिचा स्विच तारेने घट्ट बांधून टाका. दोरी टॉवेलला मोकळी.

आता जॉ क्रशर, म्हणजे जबड्यात दगड चिरडणारं यंत्र. वीस बाय तीस इंचांच्या तोंडात सोळा-सतरा इंचांपेक्षा मोठा दगड टाकू नये म्हणतात. पण खाणीवर ब्रेकर लावून मोठे दगड फोडायचे म्हणजे डिझेल जळतं. पोकलेनवाल्याला सांगा, दोन फुटी काळा कातळ तसाच डंपरमध्ये भर. तो जॉच्या तोंडात आडवा बसणारच. मग पुस्तकी माणसं दगड आत सोडणारा फीडर बंद करतात, मोटर बंद करतात, मेन स्विचला कुलूप लावून चावी खिशात ठेवतात, फ्लायव्हील, म्हणजे बाजूचं जड चाक, पूर्ण थांबू देतात, आणि तरीही तोंडात न उतरता वरून ब्रेकरनेच दगड फोडतात. कारण म्हणे फ्लायव्हील थांबलेलं दिसलं तरी त्यावरचं तोलाचं वजन, काउंटरवेट, वरच अडकलेलं असू शकतं. दगड सुटला की ते खाली येतं आणि जॉ एकदा चावतोच. इतका विचार करत बसलात तर खडी कधी पडायची? पहार घेऊन माणूस खाली उतरवा, ऑपरेटर वर केबिनमध्ये, दोघांत शिट्टीची खूण. एक वाजली की थांब, दोन वाजल्या की चालू. क्रशरच्या आवाजात दोन्ही सारख्याच ऐकू येतात, हा तपशील किरकोळ.

जॉला मागून टेकू देणारी टॉगल प्लेट तुटली तर कंपनीला शिव्या द्या. मुद्दाम कमकुवत ठेवलेला भाग आहे तो: पोकलेनच्या बकेटचा दात दगडांबरोबर आत गेला की आधी हीच तुटते आणि शाफ्ट, बेअरिंग वाचतात. तुम्ही गावातल्या वेल्डरकडून तिच्यावर जाड पट्टी मारून घ्या. पुढचा दात आला की प्लेट शाबूत राहील, शाफ्ट जाईल.

पावसाळ्यात ओली डस्ट स्क्रीनच्या, म्हणजे खडीच्या चाळणीच्या, जाळीत बसते. चालू स्क्रीनवर चढून सळईने टोचत राहा. प्लँट सुरू करताना म्हणे आधी भोंगा, मग शेवटच्या कन्व्हेयरपासून मागे येत सर्वांत शेवटी फीडर. तुम्ही आधी फीडरच लावा. पुढचे बेल्ट बंद असले तर सगळा माल जॉखाली साचतो, आणि तो फावड्याने उपसायला पोरं आहेतच.

राहिली धूळ. नियमानुसार यंत्रापासून ठरलेल्या अंतरावर हवेतले कण घनमीटरला 600 मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नयेत. फवारे लावले तर नोझल साफ करत बसा, जास्त पाणी झालं तर स्क्रीन चोंदते, शिवाय पाण्याचा टँकर पैसे मागतो. फुफ्फुसात खोल जाणारी बारीक धूळ रुमालाने अडत नाही, तरी रुमाल बांधा, फोटोत बरा दिसतो. तपासणीवाले आलेच तर जॉचं बेअरिंग तापलंय म्हणून प्लँट बंद ठेवा. त्या दिवशी आकडा मर्यादेत येतो.