पर्ल स्केल एंजल म्हणजे ड्रॉप्सी नव्हं

भावांनो, रविवारी मीच ग्रुपवर टाकलेलं की एंजल माशाचे खवले सुरकुतल्यागत दिसले तर ड्रॉप्सी (अंगात पाणी साचायचा आजार), मासा लगेच बाजूला काढा, ते चुकलं माझं. काल राजारामपुरीत मित्राच्या टाकीवर टॉर्च मारून बघितलं, खवले अंगाला चिकटूनच, फक्त चुरगाळलेल्या चांदीच्या वर्खासारखे चमकतायत, पोट नॉर्मल आणि खाणं तर दणकून. ही पर्ल स्केल व्हरायटी, जीन रिसेसिव्ह (आई-बाप दोघांकडनं आला तरच दिसणारा), म्हणजे साध्या दिसणाऱ्या जोडीत दोघांकडंबी तो लपलेला असला तर साधारण २५ टक्के पिल्लं अशी निघतात. ड्रॉप्सीत पोट फुगतं नि खवले उभे राहतात, वरनं बघितलं की कळतंय. जुना मेसेज डिलीट केलाय, पुढं पाठवला असाल तर तिथं हा टाका, तो आता फिरवू नका.