थ्रो-इनवर ऑफसाइड कसा मागावा

कोल्हापुरात फुटबॉलचा कोच होणं काही अवघड नाही. ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, उलटी टोपी, झालं. कधीकाळी एखाद्या तालमीकडून (इथं तालमींच्याच फुटबॉल टीम असतात) खेळला असाल तर उत्तमच. नसाल तरी ठोकून द्या, बारा वर्षांची पोरं कुठं विचारायला जाणार आहेत? पंचाला कसं वठणीवर आणायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही. मी बरीच वर्षं शाळकरी पोरांच्या मॅचना शिट्टी फुंकतोय. तेव्हा पुढचं सगळं खाल्लेल्या शिव्यांच्या अनुभवावर.

सगळ्यात आधी, नियमांचं पुस्तक वाचू नका. सतराच नियम आहेत, एका दुपारी वाचून होतील आणि मग ओरडायला काही उरणार नाही.

अंगाला चिकटलेल्या हातावर दोन फुटांवरून चेंडू आदळला तरी ‘हँड!’ म्हणून किंचाळा. तुमच्या पोराच्या हाताला लागला, की ‘मुद्दाम नाही ओ सर!’

फक्कीची रेघ तुमच्यासाठी आखलेली नसते. दर दोन मिनिटांनी एकेक पाऊल आत सरका, हाफटाइमपर्यंत सेंटर सर्कल येतं.

कार्डाला घाबरू नका. २०१९ पासून कोचलाही कार्ड दाखवता येतं. बाकावरून शिवी आली आणि देणारा सापडला नाही, तर ते तिथल्या सगळ्यात मोठ्या कोचच्या नावावर लागतं. असू दे. संयोजकांना फोन लावा, ते तुमचेच पावणे असतात.

आता मुख्य विद्या, ऑफसाइड, म्हणजे आपल्या माणसानं पास देताना गोलकीपर सोडून समोरच्यांच्या सगळ्यांच्या पुढं, त्यांच्या गोलजवळ उभं असणं. तो कधीही, कशावरही मागता येतो. गेल्या रविवारी तेरा वर्षांखालच्या मॅचमध्ये एका गुरुवर्यांनी याचं प्रात्यक्षिकच दिलं. समोरच्यांचा थ्रो-इन, म्हणजे रेघेबाहेर गेलेला चेंडू हातानं आत फेकायचा. चेंडू थेट त्यांच्या फॉरवर्डकडे, तो सुटला, गोल. गुरुवर्य बाटली लाथाडून मैदानात. ‘ऑफसाइड!’ थ्रो-इनवरून थेट मिळालेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो राव. गोलकिकवर नसतो, कॉर्नरवर नसतो. हे त्यांच्या लेफ्ट बॅकलासुद्धा ठाऊक होतं, तो कमरेवर हात ठेवून स्वतःच्या बुटांकडे बघत उभा होता. मी सांगायला गेलो, तर मला ओलांडून स्वारी लाइनमनकडे. ‘ए, झेंडा कशाला दिलाय तुला? पंधरा ऑगस्टला लावायला?’ मागचे पालक हसले. त्यानं गुरुवर्यांना आणखी चेव आला. ‘डोळं हाईत का बटणं? कुणाचं किती खाल्लंस?’ एका बापानं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या तालमींची मॅच असली, की गॅलरीतून याहून वाईट ऐकू येतं, मान्य. पण ती मोठ्या माणसांची मॅच असते. इथं गोल करणाऱ्या पोराची जर्सी गुडघ्यापर्यंत लोंबत होती!

मी पिवळं दाखवलं. लाल दाखवायला हवं होतं, ते माझं चुकलं.

आता उपरोध बास. तो लाइनमन एकोणीस वर्षांचा आहे. पंचांची परीक्षा पास होऊन त्याला तीन महिने झालेत. त्यानं झेंडा वर केला नाही, कारण वर करायचा नव्हताच. तेवढ्या गर्दीत तो बरोबर होता आणि गुरुवर्य, तुम्ही चूक होता. हाफटाइमला त्याचे हात इतके थरथरत होते, की बाटलीचं टोपण उघडेना. मी उघडून दिलं. मॅच संपल्यावर त्यानं झेंडा नीट गुंडाळला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘दादा, पुढच्या रविवारी नको.’

आणि तुम्ही काय केलंत? ‘खेळात चालतंच की ओ’ म्हणून माझ्या पाठीवर थाप मारलीत. मग पोरांना गोल करून बसवलंत आणि सांगितलंत, आपल्याला पंचानं हरवलं. चेंडू तुमच्या गोलकीपरच्या दोन पायांमधून गेला होता, साहेब. पाय जवळ घेऊन खाली बसायला त्याला कुणी शिकवायचं, पंचानं? तासभर तोंड चालवलंत, त्यातली पाच मिनिटं त्या पोराला दिली असती तर?

झेंडा माझ्या गाडीच्या डिकीत पडलाय. या रविवारी सकाळी आठला तुमचीच मॅच आहे आणि लाइनवर उभं राहायला माणूस नाही. या, तुम्हीच धरा.