काळा पट्टा मळून काळा झालेला नाही

कराटे-ज्युदो शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये एक मेसेज फिरतो आहे: जपानमध्ये शिष्य आपला पांढरा पट्टा कधीच धूत नसत, घामामातीने तो काळा पडला की ते गुरू होत, म्हणून मुलांचा पट्टा धुऊ नका, विद्या वाहून जाते.

हे खरं नाही. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत ज्युदोची कोदोकान ही संस्था सुरू केली आणि १८८३ मध्ये शिरो साइगो व त्सुनेजिरो तोमिता या शिष्यांना पहिला ‘दान’ (वरच्या दर्जाची जपानी पायरी) दिला. दान मिळालेल्यांनी काळा पट्टा बांधायची प्रथा १८८६ च्या सुमारास पडली. म्हणजे तो दर्जा दाखवण्यासाठी ठरवून आणलेला रंग होता. कराटेने दानपद्धत ज्युदोकडूनच घेतली. कराटेगुरू गिचिन फुनाकोशी यांनी पहिले दान दिले ते १९२४ मध्ये. जुन्या तलवारबाजीच्या परंपरांत तर गुरू लेखी परवाना देतात, रंगीत पट्टे नाहीतच. आणि मळण्याचाच नियम असता, तर ज्युदोत नवव्या-दहाव्या दानाला लाल पट्टा कुठून आला असता?

मला काळजी वाटते ती मुलांच्या त्वचेची. ज्युदोत अंगाला अंग घासतं, घामट कपड्यांतून नायटा सहज पसरतो. सरावाला स्वच्छ गणवेश घालून येणं हा तिथल्या शिस्तीचाच भाग आहे. पट्टा साध्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा.

पट्टा न धुण्याचा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.