दुसरा पायलट म्हणजे नुसतं वजन?

कुठे हेलिकॉप्टर पडलं की एक मजकूर हमखास फिरू लागतो: 'हेलिकॉप्टर एका पायलटसाठी प्रमाणित असेल तर दुसरा बसवणं हा देखावा. कायद्याला एकच लागतो, दुसऱ्याचे उड्डाणाचे तास अनुभवात धरत नाहीत, तो नुसतं वजन. आणि दोघं असूनही अपघात होतातच.' प्रत्येक तुकड्यात थोडं खरं आहे, म्हणून तो पचतो.

'कायद्याला एकच लागतो.' प्रमाणपत्रात लिहिलेली संख्या 'किमान' असते. ते यंत्र एकट्याला झेपतं, एवढंच ती सांगते. त्या दिवशीच्या कामाला किती जण लागतील, हे उड्डाणाचे नियम ठरवतात. अमेरिकेत भाड्याचे प्रवासी घेऊन उपकरणांच्या आधारे (म्हणजे बाहेर न दिसता, समोरच्या काट्यांवर विसंबून) उडायचं तर नियम १३५.१०१ को-पायलट मागतो; चालू ऑटोपायलट आणि तो वापरण्याची परवानगी असेल तरच सूट. युरोपात व्यावसायिक वाहतुकीत, नऊपेक्षा जास्त प्रवासी आसनांचं हेलिकॉप्टर अशा उड्डाणाला दोघांशिवाय निघत नाही. तेच यंत्र स्वच्छ उन्हात एकट्यानं नेलं तर चालतं.

'तास धरत नाहीत.' अमेरिकेचा नियम ६१.५१ म्हणतो, प्रमाणपत्राला किंवा त्या उड्डाणाच्या नियमांना दुसरा पायलट लागत असेल तर, पात्र असल्यास, त्यानं को-पायलटचे तास नोंदवावेत. मजकूर लिहिणारा 'किंवा'पाशीच थांबला. मित्राच्या बेल २०६ या छोट्या हेलिकॉप्टरमध्ये हौस म्हणून डावीकडे बसलात, तर मात्र तासांच्या वहीत काही लिहू नका.

'नुसतं वजन.' केदारनाथच्या वाटेवर हे खरंच आहे. साडेतीन हजार मीटरवर हवा विरळ, म्हणून वजन कमीच उचलतं; तिथल्या बेल ४०७ हेलिकॉप्टरमध्ये पायलट धरून जागा सात. को-पायलट घेतला की एक यात्रेकरू कमी, म्हणजे एक भाडं कमी. १८ ऑक्टोबर २०२२ ला तिथे पडलेल्या बेल ४०७ मध्ये एक पायलट आणि सहा यात्रेकरू होते. दुसरा असता तर ते वाचले असते, असं मी म्हणणार नाही. पण अडचण भाड्याची असेल तर तसं सांगावं, कायद्याचं नाव पुढे करू नये.

वजन म्हणणाऱ्यानं एकट्याचे हातपायही मोजावेत. उजवा हात सायक्लिकवर (दिशेला झुकवणारी दांडी), डावा कलेक्टिव्हवर (वर-खाली नेणारी दांडी), पाय पेडलवर. साध्या हेलिकॉप्टरात ऑटोपायलट नसतो. रेडिओ लावायला डावा हात काढायचा, उजवा सोडायचा नाही. ढगात शिरल्यावर तोल कुठे आहे हे कानातलं तोलाचं इंद्रिय खोटंच सांगतं. २६ जानेवारी २०२० ला कॅलिफोर्नियात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचं एस-७६बी हेलिकॉप्टर पडलं. एकटा पायलट चार हजार फुटांवर चढतोय असं नियंत्रकाला सांगत होता, तेव्हा हेलिकॉप्टर डावीकडे वळत खाली येत होतं. नऊ जण गेले. ते हेलिकॉप्टर चालवणाऱ्या कंपनीला उपकरणांच्या आधारे उडायची परवानगीच नव्हती, त्यामुळे कागदावर एक पायलट अगदी नियमात होता.

राहिला शेवटचा तुकडा, 'दोघं असूनही पडतात.' पडतात. २ सप्टेंबर २००९ ला आंध्र प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांच्या पडलेल्या बेल ४३० हेलिकॉप्टरमध्ये दोन पायलट होते. खराब हवेत शिरताना दोघांचंही लक्ष ट्रान्समिशनच्या (इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत नेणाऱ्या गिअरपेटीच्या) तेलाच्या दाबासाठी काय करायचं ते पुस्तिकेत शोधण्यात गुंतलं होतं, असं चौकशीत निघालं. माणसं दोन होती, पण बाहेर कुणी पाहायचं आणि पुस्तिका कुणी उघडायची याची वाटणी त्या मिनिटांत उरली नव्हती. म्हणून हेलिकॉप्टर भाड्यानं घेताना 'पायलट किती?' एवढ्यावर थांबू नका. त्या दोघांनी एकत्र सराव शेवटचा कधी केला, तेही विचारा.