हात सैल कुठे, आखडता कुठे

मागच्या महिन्यात आमच्या दादाच्या मुलीचं लग्न झालं. मी नवरीची आत्या. साखरपुड्यापासून सत्यनारायणापर्यंत खर्चाची वही माझ्याकडे होती. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. पैसे दादाचे, अक्षर माझं. त्या वहीच्या जोरावर उपवर मुलींच्या बापांना चार गोष्टी सांगते. फुकट सांगते आहे. या हंगामात दुसरं काही फुकट मिळणार नाही, तेव्हा नीट ऐका.

सुरुवात बैठकीपासून. सुपारी फुटायच्या आधी मुलाकडचं कोणीतरी वडीलधारं माणूस हमखास म्हणतं, "आम्हाला काही नको हो, फक्त लग्न तेवढं चांगलं लावून द्या." हे ऐकून डोळे भरून यायला हवेत. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे, त्यामुळे काही नको म्हणणारे व्याही आता गावोगाव मिळतात. 'तेवढं' म्हणजे केवढं, हे मात्र विचारू नका, बैठकीत ते बरं दिसत नाही. आमच्या 'तेवढ्या'त हायवेवरचं लॉन आलं, दोन्हीकडचं जेवण आलं, नवरदेवाच्या मित्रांना एसी खोल्या आल्या, आणि हळदीच्या आदल्या दिवशी फोनवरून घोडाही आला. घोडा नको असता तरी चाललं असतं म्हणे, पण मुलाच्या मामांची हौस.

तारीख धरताना पंचांगातली सगळ्यात दाट तिथी धरा. त्या दिवशी त्याच रस्त्यावर आणखी पाच लग्नं असतात. पाहुणे दीड तास गाडीत बसतात, आणि एखादं बिऱ्हाड चुकून दुसऱ्याच मांडवात जेवून येतं, तेवढंच तुमचं ताट वाचतं. काढीव मुहूर्तावर तेच लॉन निम्म्या भाड्यात मिळत होतं, म्हणून तो मुहूर्त आमच्या घरी अशुभ ठरला.

पत्रिकेत नावं सढळ हाताने छापा. एक राहणारच आहे, आणि तेच येऊन पहिल्या रांगेत बसणार आहे.

सोन्याला हात आखडू नका. तोळा लाखाच्या वर गेला म्हणून काय झालं? घडणावळ टक्क्यांवर असते, म्हणजे सोन्याचा भाव चढला की सोनाराचा हात जास्त न चालताही घडणावळ चढते, आणि त्या सगळ्यावर तीन टक्के जीएसटी. मुलगी दागिने एकदाच घालेल, मग ते सासूबाईंच्या लॉकरमध्ये जातील. निदान लॉकर तरी भरलेला दिसेल.

गुरुजींशी दक्षिणेवरून घासाघीस जरूर करा. लग्न काय, ते एकटेच लावतात.

पावत्यांचंही सांगून ठेवते. दोन लाख किंवा त्याच्या वर रोख घेणं २०१७ पासून कायद्यात बसत नाही. त्यामुळे मांडववाले हिशोबाचे तुकडे करून देतात: खुर्च्यांचा वेगळा कागद, फुलांचा वेगळा, गालिच्याचा वेगळा. शेवटी एकूण किती झाले हे कोणालाच कळत नाही. बापाच्या रक्तदाबाला हे उत्तम.

आता मुख्य मुद्दा. खर्च करायचाच, तर एंट्रीवर करा.

एंट्री म्हणजे नवरीने स्टेजपर्यंत चालत जाणं. आमच्या लग्नात नवरी चालत आलीच होती, तेव्हा मांडवात गडबड इतकी, की बघायला कोणाला सवड नव्हती. आता तसं चालत नाही. आधी एलईडीच्या पडद्यावर प्रीवेडिंगची फिल्म लागते. त्यात दोघंजण कुठल्यातरी धरणाच्या काठावर एकमेकांकडे धावत सुटतात आणि शेवटपर्यंत पोहोचत नाहीत. मग धूर सोडतात. मग पुण्याहून आणलेल्या आठ मुली नाचतात. मग ठिणग्यांची कारंजी. आणि मग भाचीवर चांदण्यांची छत्री धरून चौघे भाऊ, डोक्यावर ड्रोन. ड्रोनच्या वाऱ्याने माझ्या वहिनीच्या डोक्यावरचा पदर उडाला, तेही फिल्ममध्ये आलं आहे. एकूण अकरा मिनिटं. एक लाख पंचाऐंशी हजार. पॅकेज होतं म्हणे. सुटं घेतलं असतं तर सव्वादोन पडले असते, म्हणजे दादाने तिथे चाळीस हजार वाचवलेच.

राहिलेली बचत कुठे करायची, हा प्रश्न लग्नाआधी एका रात्री वही उघडून आम्ही चौघं बसलो तेव्हा निघाला. दादा म्हणाला, "जेवणात बघू."

तुम्हीही जेवणातच बघा. जेवणात बघणं सोपं असतं, कारण जेवणारे तक्रार करत नाहीत. ते घरी जाऊन बोलतात. पत्रिका अठराशे वाटलेल्या, केटररला गॅरंटी नऊशे ताटांची. "निम्मे लोक येतच नाहीत," हे दादाचं गणित. हे गणित कुठून आलं, कोण जाणे. ताटाचा दर तीनशे ऐंशी, पदार्थ चौतीस. चौतीस! मसालेभात आणि जिलबी होतीच, पण त्यांना कोपऱ्यात टाकून मध्यभागी पास्त्याचा लाइव्ह काउंटर. तिथे डोक्यावर पांढरी उंच टोपी घातलेला एक मुलगा एका कढईत एका वेळी दोन बशा पास्ता परतत होता. समोर दोनशे माणसं. त्यातली निम्मी धोतर-टोपीतली, त्यांना हा काय प्रकार आहे हे माहीत नव्हतं. रांग आहे म्हणजे चांगलंच काहीतरी असणार, म्हणून उभी होती.

लोक आले तेराशे चाळीस. माझा अंदाज नाही हा, केटररने ताटं मोजली. गॅरंटीच्या वरच्या ताटाचा दर वेगळा असतो, तो ठरवताना दादा एंट्रीवाल्याशी फोनवर बोलत होता. साडेचारशे. म्हणजे वरची चारशे चाळीस ताटं, एक लाख अठ्ठ्याण्णव हजार. आणि त्या ताटांत काय, तर भात, पातळ वरण आणि पापड, कारण जिलबी बघता बघता संपली, मागोमाग मठ्ठा, आणि पुऱ्यांचं पीठ पुन्हा मळायला माणसं नव्हती. पाचशे रुपये रोजावर आणलेली अकरावी-बारावीतली पोरं होती वाढायला. त्यांच्या अंगावर केटरर ओरडत होता, केटररच्या अंगावर दादा, आणि मी वही घेऊन मधे उभी. त्या एंट्रीच्या पैशांत आधीच सांगून ठेवली असती तर जिलबीसकट चारशे शहाऐंशी ताटं आली असती. मी वहीत भागाकार करून ठेवला आहे, ज्याला बघायचा त्याने बघावा.

आणि हे सगळं सुरू झालं सव्वादोनला का? मुहूर्त तर बारा एकेचाळीसचा होता. पत्रिकेवर छापला होता, त्याच्यासाठी तीन गुरुजींकडे पत्रिका दाखवल्या होत्या, त्याच्यासाठीच तर दाट तिथीचं दुप्पट भाडं भरलं होतं! बारा एकेचाळीसला स्टेजवर कोण होतं? सत्कारमूर्ती. एक साहेब यायचे होते, ते रस्त्यावरच्या दुसऱ्या लग्नात अडकलेले, म्हणून तोवर बाकीच्यांचा शाल-फेटा-नारळ. सदतीस जणांचा. माइकवरचा माणूस प्रत्येकाच्या नावाआधी चार विशेषणं लावत होता. नवरा-नवरी हातात हार घेऊन उभी. दीडला साहेब आले, सहा गाड्या घेऊन. त्यांनी पंधरा मिनिटं साध्या लग्नाचं महत्त्व सांगितलं. जोतीरावांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न थोडक्या खर्चात लावलं, तो आदर्श घ्या म्हणाले. माहिती बरोबर होती, त्याबद्दल काही म्हणणं नाही. वर ठिणग्यांच्या कारंजीवाला मुलगा त्यांच्या खुणेची वाट बघत होता. साहेब दोन अक्षता टाकून, न जेवता, पुढच्या मांडवाला गेले. त्या दिवशी माझ्या वहीत खरोखर वाचलेलं ताट ते एकच.

अक्षता दोन वाजून पाच मिनिटांनी. तोवर जेवणाचे पडदे बंद. लग्न लागल्याशिवाय जेवण उघडायचं नाही, ही आपली परंपरा. मुहूर्त पाळायची परंपरा नाही, ही आहे.

उपरोध वगैरे पुरे आता. दादा, तू हे वाचशील हे मला माहीत आहे, वहिनी वाचून दाखवेल. तर तुलाच सांगते.

तुझ्या मुलीने काय मागितलं होतं, आठवतं का? दिवाळीत, माझ्या स्वयंपाकघरात, तुझ्यासमोर म्हणाली होती, "बाबा, आम्ही रजिस्टर करतो. तुम्ही जे काही घालणार आहात त्यातले निम्मे आम्हाला पुण्यातल्या घराच्या डिपॉझिटला द्या." १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. तीस दिवसांची नोटीस लागते आणि तीन साक्षीदार. तीन! मी, वहिनी आणि काकू, संपला विषय. संध्याकाळी शंभर जवळच्या माणसांना पंगत घातली असती, वाढायला आपणच उभे राहिलो असतो, बाबांच्या वेळेसारखं. तू म्हणालास, लोक काय म्हणतील. म्हणाले ना लोक! पार्किंगमध्ये म्हणत होते, मी कानांनी ऐकलं: "एवढा थाट, आणि जेवायला नुसता भात."

पोरीने पुन्हा विषय काढला नाही. तिला वाटलं, तुझी हौस आहे, करू दे. तुझी हौस नव्हती रे. तू त्या पॅकेजच्या कागदावर सही करताना पेन दोनदा खाली ठेवलंस, मी शेजारीच बसले होते. मग केलीस का सही? आणि मी तरी का गप्प बसले? वही माझ्या हातात होती. मी नुसते आकडे लिहीत गेले, मोत्यासारख्या अक्षरात.

पतसंस्थेचं सहा लाखांचं कर्ज काढलंस ते तू पोरीला अजून सांगितलेलं नाहीस. आईच्या नावची ठेव मोडलीस, तेही नाही. हप्ता पाच तारखेचा आहे. निवृत्तीला तुला तीन वर्षं राहिलीत. तिला सांग. तिने विचारलं तर वही मी देईन, लपवणार नाही. आणि धाकटीच्या वेळी तोच माणूस परत कॅटलॉग घेऊन येईल, त्याला दारातून परत पाठव. तुला जमणार नसेल तर मला बोलाव, मी पाठवते.

अल्बम आला म्हणून काल तू फोन केलास. एकशे चाळीस पानं, सगळे फोटो झकास, बघायला ये म्हणालास. त्यात काकूंचा फोटो शोध. नाही सापडणार. सकाळी सातला साखरेची गोळी घेऊन आल्या होत्या. एकला जेवायला मिळेल, कारण पत्रिकेवर बारा एकेचाळीस लिहिलं होतं. दोनच्या सुमाराला मागच्या रांगेत त्यांचे हात थरथरायला लागले. पडदे उघडा म्हटलं तर केटररच्या माणसाने उघडले नाहीत, मालकांना विचारा म्हणाला. मालक म्हणजे तू. तू स्टेजवर होतास. मी फाटकाबाहेरच्या टपरीवरून पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा आणला, तो त्यांनी पाण्यात बुडवून खाल्ला. मग पडदे उघडले आणि गर्दी झाली, तेव्हा म्हणाल्या, "मला रिक्षात बसवून दे गं, पोराला सांगू नकोस, त्याच्या घरचं कार्य आहे."

तुला लहानपणी ज्यांनी मांडीवर घेऊन भरवलं, त्या तुझ्या मुलीच्या लग्नातून उपाशी गेल्या. महिना झाला, तू त्यांना फोन केलेला नाहीस. अल्बम नंतर बघू. आधी त्यांच्याकडे जा, आणि जाताना घरचा डबा घेऊन जा.