कविता मुलांची, आठवण आपली

2024 मध्ये पहिलीच्या मराठी पाठ्यपुस्तकातल्या एका कवितेवरून वाद पेटला होता. जंगलात प्राण्यांची मैफल भरते, अशी ती कविता. तीत 'वन्समोर' आलं आणि भाषा बुडाली, यमकासाठी वाट्टेल ते चालतं का, मुलांना हेच शिकवायचं का, असं पुष्कळ लिहिलं गेलं. मी ते परदेशात बसून वाचत होते. ती काळजी मला इथे जास्तच कळते. माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या कानावर मराठी पडते ती घरातल्या दोन माणसांकडून, बस्स. पण त्या चर्चेत एक प्रश्न मला कुठेच दिसला नाही. ही कविता ऐकताना मुलाला नवल वाटतं का?

लुइस कॅरलची 'जॅबरवॉकी' ही इंग्रजी कविता 1871 ची. तिच्यातले कितीतरी शब्द तोवर कुठल्याही शब्दकोशात नव्हते. त्यातला 'चॉर्टल' (खुदखुदत हसणं) पुढे तिथे जाऊन बसला. माझी मुलगी ती ऐकताना अर्थ विचारत नाही, पांघरुणात शिरते. शब्द कुठून आला याच्याशी तिला कर्तव्य नाही, तो तोंडात कसा घोळतो याच्याशी आहे. विंदांची पिशी मावशी आणि तिची भुतावळही तिला अशीच लागते.

मला खरी अडचण दिसते ती वेगळीच. बालपणावरच्या कितीतरी कविता मोठ्यांच्या हुरहुरीतून येतात. इंग्रज कवी वर्ड्‌स्वर्थची 1807 साली छापलेली दीर्घ कविता थोरच आहे, पण तिचं दुःख मोठ्या माणसाचं: गवतावर, झाडांवर एके काळी दिसणारं ते तेज आता दिसत नाही. याउलट स्कॉटिश लेखक स्टीव्हन्सन. तो लहानपणी फार आजारी असे. 1885 च्या त्याच्या बालकवितासंग्रहात अंथरुणाला खिळलेल्या मुलाच्या पांघरुणाच्या सुरकुत्या म्हणजे टेकड्या होतात आणि खेळण्यातले शिपाई त्यांतून कूच करतात. 'गेले ते दिवस' नावालाही नाही.

आपण तर 'लहानपण देगा देवा'लाही बालपणाच्या आठवणींचं गाणं करून टाकलं. तुकोबा तिथे बालपण मागतच नाहीत. थोर ऐरावताला अंकुशाचा मार बसतो, महापुरात झाडं वाहून जातात आणि लव्हाळे वाचतात. मागणं आहे ते लहानाहून लहान होण्याचं. आपली नजर इतकी मागे लागलेली असते की समोर लिहिलेलंही दिसत नाही. माझी तर दुप्पट, कारण माझं बालपण काळानेही लांब आणि अंतरानेही.

म्हणूनच मुलीला बालकवींचा 'औदुंबर' वाचून दाखवताना माझा गळा भरून आला होता. आठच ओळी. 'पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर' इथे मी थांबले, तर तिचा प्रश्न आला, "त्याला थंडी नाही वाजत? केव्हापासून बसलाय तो?" शाळेत आम्ही या कवितेखाली 'सुंदर निसर्गचित्र' असं उत्तर लिहून मार्क मिळवले होते. ही पोरगी मात्र हिरवी शेतं, पांढरी पायवाट मागे टाकून थेट त्या काळ्या डोहाशी जाऊन उभी राहिली. 1918 मध्ये, सत्तावीस वर्षांचे असताना रेल्वे अपघातात गेलेल्या या कवीने आठ ओळींत जे दडवून ठेवलं, त्याच्याजवळ ती माझ्याआधी पोचली. आणि मी तिला सांगत काय होते, तर 'आमच्या लहानपणी ही पाठ असायची'.

पुढच्या वेळी पाठ्यपुस्तकातली कविता वादात सापडली, तर आधी ती पाच-सहा मुलांना मोठ्याने वाचून दाखवावी आणि ती काय विचारतात ते लिहून घ्यावं. कुणी काहीच विचारलं नाही, कुणी 'परत वाच' म्हटलं नाही, तर शब्द कितीही शुद्ध असोत, ती कविता पुस्तकातून काढा, असं मीही म्हणेन.