दाराच्या मुरडीतला गंज

आमच्या रत्नागिरीत गंज हा पाहुणा नाही, मूळ रहिवासी आहे. इथला जांभा दगड लाल दिसतो तो त्यातल्या लोहाच्या ऑक्साइडांमुळे. पावसाने युगानुयुगं खडक धुतला, बाकीचं बरंचसं वाहून नेलं आणि लोखंड-अॅल्युमिनियम तेवढं मागे ठेवलं. म्हणजे जिथे डोंगरच गंजून बसलेत आणि त्याच गंजाचे चिरे काढून आम्ही घरं, गडगे आणि विहिरी बांधल्यात, तिथे मारुती 800 च्या मिलिमीटरभरही जाड नसलेल्या पत्र्याने टिकायचं म्हणजे उद्धटपणाच झाला. त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि उरलेल्या महिन्यांत भाट्याच्या समुद्रकिनाऱ्याकडून येणारा खारा वारा. शिवाय आमची धूळही लाल. गाडी गंजलीय की नुसती मळलीय, हे धुतल्याशिवाय कळत नाही, आणि धुतल्यावर कळलं तरी उपयोग नसतो.

गाडी नानांची, म्हणजे वडिलांची. 2003 ची, पांढरी. पंधरा वर्षं झाल्यावर तिचं पासिंग पुन्हा करून घेतलं, हरित कर भरला, आणि नानांच्या मते त्या दिवशी ती नवी झाली. विकायचा विषय निघाला की ते ताट पुढे सरकवून हात धुवायला उठतात.

वरचा गंज तसा सभ्य असतो. तो दिसतो, कागदाने घासता येतो, रंगाखाली झाकता येतो. खरा बदमाश सांध्यात राहतो. गाडीचं दार उघडून खालची कड पाहा. बाहेरचा पत्रा वेगळा, आतला वेगळा, आणि बाहेरच्याची कड आतल्यावर दुमडून दाबलेली. करंजीला मुरड घालतात तशीच. फक्त करंजीत आतलं बाहेर येऊ नये म्हणून मुरड असते, इथे बाहेरचं आत जाऊन तिथेच मुक्काम करतं. दाराखालच्या फुटबोर्डाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे दोन पत्रे एकमेकांवर ठेवून ठरावीक अंतरावर वेल्डिंगचे ठिपके मारलेले असतात. ठिपक्यावर पत्रे एकजीव, आणि दोन ठिपक्यांच्या मध्ये केसाएवढी फट. या फटीत पाणी केशाकर्षणाने शिरतं. शिरतं झटकन, निघत मात्र नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, हे इथे सांगणं भाग आहे. वर्गात आम्ही तीन परीक्षानळ्यांत तीन खिळे ठेवतो. एकीत पाणी आणि हवा, दुसरीत उकळलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत पाणी शोषणारं कॅल्शियम क्लोराइड. पहिला खिळा गंजतो, उरलेले दोन चकचकीत राहतात, आणि मुलं वहीत लिहितात की गंजायला हवा आणि पाणी दोन्ही लागतं. आता सांध्यात हवा कमी, तेव्हा गंजही कमी हवा. पण होतं उलटंच. सांध्याच्या तोंडाशी हवा भरपूर आणि आत टंचाई, अशी स्थिती झाली की तोंड आणि आतला भाग मिळून एक छोटा विद्युतघट तयार होतो, आणि त्यात झिजायचं काम येतं ते हवा न मिळालेल्या आतल्या पत्र्यावर. समुद्राचं मीठ आत साचलं की या घटाला आणखी जोर चढतो. वर तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून सांधा फुगतो, रंगाला फोड येतात. फोड दिसला म्हणजे आजार सुरू झाला असं आपण समजतो. प्रत्यक्षात आत तेराव्याची तयारी चाललेली असते. दहावीच्या एका मुलाने शाळेच्या फाटकाशी माझ्या गाडीकडे बघत विचारलं, "सर, ही कितवी परीक्षानळी?" त्याला प्रात्यक्षिकाचे पूर्ण गुण दिले.

सल्ल्यांचं तर विचारू नका. नानांनी दिल्लीचा मेहरौलीचा लोहस्तंभ काढला. "सोळाशे वर्षं उभा आहे उघड्यावर, गंजला नाही. आपल्या लोकांची विद्या!" मी सांगितलं, त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्याचा पातळ थर वर बसलाय, आणि मुख्य म्हणजे नाना, त्याला दारं नाहीत. नानांना दारांचा मुद्दा पटला नाही.

मिरकरवाड्यातला माझा एक माजी विद्यार्थी आता बोटीचा मालक आहे. तो म्हणाला, "सर, आमचा आजा होडीला माशाचं तेल लावायचा. तुम्हीपण लावा." हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. रॉबर्ट फर्ग्युसन नावाच्या एका कप्तानाने जहाजावर पाहिलं, की माशाचं तेल सांडतं तिथे डेकवरचा गंज थांबतो. त्यावरून 1921 मध्ये अमेरिकेत रस्ट-ओलियम ही गंजरोधक रंगांची कंपनी निघाली. पण मी घरी नुसता विषय काढला, तर ही म्हणाली, "लावा की. मग आळीतली सगळी मांजरं तुम्हाला शाळेपर्यंत सोडायला येतील."

शेवटी पत्रेवाल्या चाचांकडे गेलो. चाचांचं तपासणं मला फार आवडतं. ते गाडीकडे बघतच नाहीत. उकिडवे बसून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फुटबोर्डावर ठोकत जातात आणि कान देतात. टण, टण, टण, भद. जिथे 'भद' आलं तिथे खडूने फुली. डाव्या बाजूला फुल्या इतक्या झाल्या की त्यांनी खडू खिशात टाकला.

"मास्तर, इथे आधी कोणी काम केलंय?"

केलं होतं. एका गॅरेजने बऱ्याच वर्षांपूर्वी "नवीन पत्रा टाकला" म्हणून पैसे घेतले होते. चाचांनी छिन्नी लावली. रंग निघाला, रंगाखाली बोटभर जाडीची लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी, निघाली, आणि लांबीखाली पत्र्याऐवजी वर्तमानपत्र निघालं. गोळा करून भोकात कोंबलेलं, एप्रिल 2011 चं. विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं पान! गंभीरचे 97 शाबूत होते, धोनीचे नाबाद 91 गंजात गेले होते. एवढी वर्षं मी भारताच्या विजयावर पाय ठेवून गाडीत चढत होतो. नाना पुढे झाले आणि चाचांना म्हणाले, "जरा जपून काढा हो, फाटेल."

चाचांनी कुजलेला पत्रा कापून नवा पॅच मारला, पण खरं काम त्यानंतरचं. वेल्डिंगने पत्र्याच्या आतल्या अंगाचा रंग जळतो, आणि तो भाग उघडा राहिला तर पहिला गंज तिथेच धरतो. गंजाला काळं पाडणारं अॅसिडवालं औषध मिळतं; ते हात पोचेल तिथे उत्तम, पण मुरडीच्या पोटात ते जातंच असं नाही. त्यासाठी पातळ मेण-तेल. लांब नळीने पोकळीत मारायचं आणि गाडी उन्हात ठेवायची. ज्या फटीतून पाणी चोरासारखं शिरलं, तिथूनच हेही सरपटत आत जातं आणि जागा अडवून बसतं. "मे महिन्यात आणलीत ते बरं," चाचा म्हणाले. "पावसात आला असता, तर मी पाण्यालाच मेण लावलं असतं."

मी विचारलं, वरून सगळ्या कडा सीलरने बंद करून टाकू या का? चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आत्तापर्यंतचा 'मास्तर' मागे घेतात की काय! वरचे सांधे बंद करायचे, दाराची खालची कड आणि भोकं मोकळी ठेवायची. कारण काचेच्या पट्टीतून दारात पाणी येणारच, त्याला वाट नको? मग त्यांनी दाराच्या तळाशी असलेली बारीक भोकं दाखवली. दार उघडं असताना तीन बाजूंनी वाकल्याशिवाय ती दिसत नाहीत. चाचांनी कोपऱ्यातल्या खराट्याची एक हीर उपसली आणि भोकात घातली. आधी काळा चिखल आला. मग आंब्याच्या मोहराचा भुगा, मुंग्यांची एक पूर्ण वसाहत, आणि शेवटी पाणी. भर मे महिन्यात! आदल्या आठवड्यात नानांनी गाडी धुतली होती, तीच आंघोळ ती पोटात घेऊन हिंडत होती.

माझं मत विचाराल तर शोरूमवाले जे चकचकीत कोटिंग गळ्यात मारतात, त्यातल्या निम्म्या पैशांत गावातल्या सगळ्या गाड्यांची भोकं साफ होतील. पण साफ भोकाचा फोटो कोण टाकणार? चाचांच्या बिलात "आतून काम" असा एकच शब्दप्रयोग होता, आणि नाना बिल हातात धरून गाडीभोवती प्रदक्षिणा घालत होते. "कुठे दिसतंय ते दाखवा." पुढे आठवडाभर दारांतून तपकिरी मेण अंगणात ठिबकत राहिलं, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते डाग दाखवून सांगू लागले, "आतून काम केलंय."

परवा शेजाऱ्यांनी नवी गाडी घेतली. सोबत शोरूमचा मुलगा आला होता, टाय लावून. आम्ही हार घालून झालं, पेढे खाऊन झालं, मग मी त्याला विचारलं, "दाराखालची भोकं कुठे आहेत हिला?" त्याने अत्यंत आदराने मला एसीची भोकं दाखवली. मी वाकलो, शेजारी वाकले, नानाही गुडघे धरून वाकले, आणि मी घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, खराटा आण जरा!"

आतून आवाज आला, "एकच हीर घ्या. मागच्या वेळी अर्धा खराटा गेलाय त्या गाडीत."